कोल्हापुरात नव्यानं राहायला आलात? मलेरियाची एवढी माहिती गाठीला असू द्या

माझ्या घरावर दोन खोल्या आहेत. विद्यापीठात शिकणारी मुलं, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागलेली पोरं तिथं भाड्यानं राहतात. खोली बघायला आलेला माणूस पाणी किती वेळ येतं विचारतो, गाडी कुठं लावायची विचारतो, मेस कुठली चांगली ते विचारतो. टाकीचं झाकण नीट बसतं का, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. मी आरोग्य सेवक होतो. निम्मी हयात लोकांच्या बोटाला सुई टोचून रक्ताच्या काचा, म्हणजे तपासणीसाठी काचपट्टीवर घेतलेलं रक्त, गोळा करण्यात गेली, त्यामुळं मला ते खुपतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोल्हापूर काही मलेरियाचं आगर नाही. महाराष्ट्रात मलेरिया म्हटलं की गडचिरोली आणि मुंबई ही नावं निघतात. आपल्याकडं पावसाळा आला की चर्चा होते ती डेंग्यूची. मग हा लेख कशाला? मेख तिथंच आहे. जिथं मलेरिया रोजचा आहे, तिथला डॉक्टर ताप म्हटला की आधी रक्ताची काच काढतो. जिथं तो क्वचित दिसतो, तिथं तो नजरेतून सुटतो. आणि बाहेरगावाहून येणारा माणूस कधीकधी हे दुखणं अंगात घेऊनच येतो. त्यामुळं कोल्हापुरात नव्या माणसाला डासाइतकाच धोका आहे तो निदान चुकण्याचा.

विसरण्याची किंमत देशानं एकदा मोजलेली आहे. १९५३ साली राष्ट्रीय पातळीवर मलेरिया नियंत्रणाचं काम सुरू झालं, १९५८ पासून निर्मूलनाचं. डीडीटीची फवारणी घरोघर झाली, जुन्या घरांच्या भिंतींवर तिच्या तारखा टाकलेल्या असत. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण वर्षाला लाखाच्या आसपास आले. संपलंच म्हणून सगळे सैल पडले, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला.

आधी दुखणं समजून घ्या

सरकारी कागदावर मलेरियाला हिवताप म्हणतात. हिव म्हणजे थंडी, नावातच लक्षण आलं. प्लाझ्मोडियम नावाचा परजीवी याला कारण. माणसाला बाधणारे त्याचे पाच प्रकार आहेत, पण आपल्याकडं मुख्य दोनच: व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. रिपोर्टवर ते पीव्ही आणि पीएफ असे लिहून येतात. पीव्ही चिवट, पीएफ जीवघेणा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पसरवते ती ॲनाफिलीस डासाची मादी. नर रक्ताच्या वाटेला जात नाही, मादीला अंड्यांसाठी रक्त लागतं. एके काळी हे दुखणं दलदलीच्या खराब हवेतून येतं असा समज होता, इटालियन भाषेत मलेरिया या शब्दाचा अर्थच 'वाईट हवा'. तो समज मोडायला मोठा हातभार लावला रोनाल्ड रॉस यांनी, आणि तोही आपल्याच देशात: २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात परजीवी सापडला. १९०२ चं नोबेल त्यांना मिळालं.

आता व्यवहाराचा हिशेब. मादी आजारी माणसाचं रक्त प्यायली म्हणजे लगेच रोग वाटत सुटत नाही. परजीवी तिच्या पोटात पिकायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, थंडीत जास्तच. मग ती ज्याला चावेल त्याच्या यकृतात आधी परजीवी वाढतो, नंतर रक्तात उतरतो, आणि तेव्हा कुठं ताप येतो. फाल्सिपेरमला ९ ते १४ दिवस, व्हायवॅक्सला १२ ते १७ दिवस, कधी कधी काही महिनेसुद्धा.

म्हणून "काल रंकाळा तळ्यावर बसलो होतो, डासांनी फोडून काढलं, आज ताप आला" हा हिशेब जमत नाही. आज ताप आला असेल तर दोन आठवडे मागं जा. तेव्हा कुठं होतात? मुंबईत, ओडिशात, झारखंडात, गडचिरोलीत, गावच्या लग्नात? डॉक्टरला सांगायची पहिली गोष्ट ती.

पायरी पहिली : खोली ठरवायच्या आधी गच्चीवर जा

बहुतेकांना वाटतं, डास म्हणजे गटार. गटारीत होतो तो क्युलेक्स. तो रात्री कानाशी गाणं म्हणतो, चावतोही भरपूर, हत्तीरोग पसरवतो, पण मलेरिया नाही. शहरातला मलेरियाचा डास, ॲनाफिलीस स्टीफेन्सी, स्वच्छ पाणी धरून असतो. गच्चीवरची टाकी, जमिनीतली टाकी, विहीर, बांधकामावरचं साठलेलं पाणी. म्हणजे तुम्ही ज्या पाण्यानं तोंड धुता तेच त्याला आवडतं.

पाणी ठराविक वेळेला येतं, म्हणून घरोघर साठवण असते. घरमालकाला सांगून गच्चीवर जा आणि तीन ठिकाणं बघा. झाकण सपाट बसतं का, की वर वीट ठेवून भागवलंय. जास्तीचं पाणी जायचा पाईप उघडा आहे का. आणि हवेचा पाईप, तो वाकडा वर आलेला असतो, त्याच्या तोंडाला जाळी आहे का.

यातला दुसरा मुद्दा मी स्वतः नाक कापून घेऊन शिकलो. नवी टाकी बसवली, झाकण घट्ट, मी निर्धास्त. पावसाळ्यानंतर सहज झाकण उघडलं तर आत अळ्या. ओव्हरफ्लोच्या पाईपला मी काहीच बांधलेलं नव्हतं. आरोग्य सेवकाच्या घरची टाकी! बायको म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कोरडं तरी कुठाय म्हणा, टाकी भरलीय की." त्याच दिवशी जुन्या नायलॉनच्या साडीचं फडकं दुहेरी करून दोन्ही पाईपांना सुतळीनं बांधलं. खर्च शून्य. फडकं उन्हानं वर्ष-सहा महिन्यांत विरतं, ते बदलावं लागतं, एवढंच.

मालक कुरकुरला तर हेच करा, त्याची परवानगी मिळायची वाट बघत बसू नका.

पायरी दुसरी : अळी ओळखायला शिका

डास उडून जातो, अळी जात नाही. म्हणून शिकायचं असेल तर अळीपासून सुरुवात करा.

सकाळच्या उन्हात झाकण हलकेच उघडा. तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका, सावली पडली की अळ्या तळाला बुडी मारतात. बुडालीच तर दोन मिनिटं गप्प उभं राहा, श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. पांढरा मग किंवा स्टीलची वाटी तिरकी धरून कडेचं पाणी अलगद आत घ्या. पांढऱ्यावर अळी स्वच्छ दिसते.

आता नीट बघा. दोऱ्याचा तुकडा पडावा तशी ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असेल तर ती ॲनाफिलीस. बोट लावलं तर झटके देत मागं मागं सरकते. डोकं खाली आणि शेपटीकडची नळी वर करून लोंबकळत असेल तर क्युलेक्स नाहीतर एडिस. ती नळी तिची श्वासाची. ॲनाफिलीसला ती नळीच नसते, म्हणून बिचारीला सगळं अंग पाण्याला चिकटवून पडावं लागतं. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की जन्मभर विसरत नाही. माझ्या भाडेकरूंना मी हे दाखवतो. निम्मे नाक मुरडतात, निम्मे मोबाईलवर फोटो काढतात.

मोठा डासही बसण्यावरून कळतो. ॲनाफिलीस भिंतीवर तिरका बसतो, बूड वर, डोकं खाली, अर्धवट ठोकलेल्या खिळ्यासारखा. क्युलेक्स भिंतीला समांतर. अंगावर-पायांवर पांढरे पट्टे असलेला, भर दिवसा घोट्याला चावणारा, तो एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनिया त्याच्याकडून.

पायरी तिसरी : आठवड्यात एक दिवस टाकी कोरडी

अंडं, अळी, कोष, डास हा प्रवास उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून सात दिवसांच्या आत एकदा पाणी ओतून भांडं कोरडं केलं की साखळी तुटते. आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' तो हाच. वार कुठलाही धरा, पण एकच धरा. आमच्याकडं सोमवार.

बॅरेल, बादल्या, हौद नुसता पालथा करून भागत नाही. आतल्या बाजूनं काथ्यानं घासा. एडिसची अंडी काठाला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात आणि पाणी लागलं की उठतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे, कूलर, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर, ही यादी तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेली असणार. ती मुख्यतः डेंग्यूच्या डासाची आहे, तरी पाळा, कष्ट तेच.

जे रिकामं करता येत नाही त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे. गोठ्यातली दगडी डोण, अंगणातला हौद, वापरायची विहीर, तालमीजवळचं जुनं टाकं. मासे हिवताप विभागाकडून किंवा आरोग्य केंद्राकडून मिळू शकतात, विचारा. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकत असाल तर ते मरतात, त्यामुळं पिण्याच्या टाकीत त्यांचा उपयोग नाही. आणि हौसेनं रंकाळ्यात किंवा पंचगंगेत नेऊन सोडू नका. गप्पी बाहेरचा मासा आहे, इथल्या माशांच्या पिल्लांच्या मुळावर येतो.

रंकाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. नवी माणसं तळं बघून बिचकतात. मोठं पाणी, त्यावर लाटा, आत मासे, अशा ठिकाणी अळीला निभाव लागणं अवघड. कडेला केंदाळ साचून पाणी थांबलं असेल तिथं मात्र लक्ष हवं. तळ्यापेक्षा तुमच्या शेजारची झाकण नसलेली टाकी जास्त वाईट.

पायरी चौथी : दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत

ॲनाफिलीस अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चावतो. त्यावर मच्छरदाणीसारखं दुसरं काही नाही, हे माझं ठाम मत. औषध लावलेली टिकाऊ मच्छरदाणी मिळाली तर उत्तम. ती साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा तीनेक वर्षं काम देते. सारखी धुऊ नका, वाळवायची ती सावलीत. साधी असली तरी चालेल, फक्त अंधार पडण्याआधी गादीखाली चारी बाजूंनी खोचा आणि हात-पाय जाळीला टेकवून झोपू नका. डास जाळीवरूनही चावतो.

एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उघड्या कातडीला डास पळवणारं मलम लावा. दिवसा झोपता तेव्हाही मच्छरदाणी बांधा. मलेरियाचा डास दिवसा चावत नाही हे खरं, पण एडिस चावतो.

कॉईल बंद खोलीत जाळून झोपणं म्हणजे स्वतःलाच धुरी देणं. मोबाईलमधून बारीक आवाज काढून डास पळवणारी ॲप्स निव्वळ बनवाबनवी. धूर मारणारी गाडी गल्लीत आली की लोकांना बरं वाटतं. पण तो धूर उडते डास तेवढे मारतो, टाकीतली अळी तशीच राहते.

पायरी पाचवी : उंबऱ्याबाहेर बघा

शेजारी अपार्टमेंटचं बांधकाम चालू असेल तर तिकडं एक चक्कर मारा. स्लॅबवर बांध घालून साठवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, तळघर. आणि तिथंच झोपणारे मजूर, बहुतेक परराज्यातले, उघड्यावर, मच्छरदाणीशिवाय. डास आणि परजीवी दोन्ही एकाच जागी. मुकादमाशी भांडू नका, त्याला अळी दाखवा. स्लॅबचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सोडायचं आणि खड्ड्यात साठलेल्या निकामी पाण्यावर जळकं ऑईल टाकायचं, एवढं सांगितलं की करतात. नाही केलं तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा.

गावाकडं राहणार असाल तर डास वेगळा, ॲनाफिलीस क्युलिसिफेसिस. ओढ्यातली डबकी, पाटाचं झिरपलेलं पाणी, पडीक विहीर ही त्याची घरं. हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्या शेताकडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहतात. कोपीला दार नसतं तिथं खिडकीला जाळी कुठली? तुम्ही शेतमालक किंवा साखर कारखान्याचे चिटबॉय असाल तर टोळी उतरली की आशाताईंना सांगा. ताप असलेल्यांचं रक्त त्या जागेवरच तपासतात.

आणि पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर गेलं की सगळं गाव जागं असतं. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण डासांच्या दृष्टीनं चढता पूर काहीच नाही, वाहतं पाणी अळ्या धुऊन नेतं. खरा काळ पाणी उतरल्यावर सुरू होतो. रिकाम्या प्लॉटवर, पडक्या वाड्यात डबकी उरतात, ऊन-पावसाचा खेळ चालू होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी डास दिसायला लागतात. लोक तोवर घर धुऊन गणपतीच्या तयारीला लागलेले असतात.

पायरी सहावी : ताप आला तर

इथं जरा थांबून वाचा.

पुस्तकातला मलेरिया असा: आधी हुडहुडी, दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजतात, पाऊण-एक तास. मग भट्टीसारखा ताप, डोकं फुटतं, उलट्या. मग दरदरून घाम, आणि माणूस ताजातवाना होतो. व्हायवॅक्समध्ये हे एक दिवसाआड होतं. जुन्या बायका याला पाळीचा ताप म्हणायच्या. पण पहिले काही दिवस पाळी जुळत नाही, ताप रोज येतो, नुसता कणकणतो, कधी जुलाब होतात. लहान मुलांत तर काहीही. त्यामुळं "थंडी वाजली नाही, म्हणजे मलेरिया नाही" असं धरून चालू नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या वरच्या खोलीत गडचिरोलीतल्या भामरागडकडचा एक मुलगा राहतो, विद्यापीठात शिकायला आलेला. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला. एका दवाखान्यात रक्त तपासलं, प्लेटलेट सत्तर हजार. झालं, डेंग्यू! सलाईन सुरू, मित्रांनी पपईच्या पानांचा रस आणून दिला, मेसवालीनं शेळीचं दूध पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो जिन्यावर बसून इडली खात होता. मी म्हटलं, "बरा झालास की रे."

"आज बरा हाय जी काका. काल तं लय थंडी वाजली. परवा बी बरा होतो."

एक दिवसाआड. माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी विचारलं, मे महिन्यात गावी होतास, तेव्हा काही ताप वगैरे? म्हणाला, आला होता, मलेरिया निघाला, गोळ्या दिल्या. किती दिवसांच्या? चौदा. किती खाल्ल्यास? तो इडलीकडं बघत राहिला. "चार दिवस. बरं वाटलं जी, मंग गाडी धरून इकडं आलो. गोळ्या फळीवरच राहिल्या."

त्याच दिवशी त्याला काच काढायला लावली. व्हायवॅक्स.

डॉक्टरांनी रिपोर्ट खोटा वाचला नव्हता. प्लेटलेट खरंच उतरलेल्या होत्या. पण प्लेटलेट डेंग्यूत उतरतात तशा मलेरियातही उतरतात, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि या मुलाला "गडचिरोलीहून आलोय" हे सांगायचं सुचलं नाही, त्यालाही कुणी विचारलं नाही.

म्हणून ताप आला की असं करा. पहिल्या २४ तासांत रक्त तपासा. खासगी लॅबमध्ये "एमपी करा", म्हणजे मलेरियाचा परजीवी बघा, म्हटलं की कळतं. सरकारी ठिकाणी ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे: शहरात महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र किंवा सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय, गावात आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र. डॉक्टरांपुढं बसल्यावर न विचारता तीन गोष्टी सांगून टाका: गेल्या महिन्यात कुठं कुठं होतो, गेल्या वर्षा-दोन वर्षांत मलेरिया झाला होता का, आणि त्याच्या गोळ्या पुऱ्या केल्या का.

तपासणी दोन तऱ्हेची. कार्ड टेस्टला रक्ताचा एक थेंब लागतो, पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. दुसरी जुनी, काचेची. डाव्या हाताच्या अनामिकेला टोचतात, काचेवर एक जाड आणि एक पातळ थर घेतात, पेन्सिलीनं नंबर टाकतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली घालतात. मला तंत्रज्ञानं एकदा बघू दिलं होतं. तांबड्या पेशीच्या आत बारीक निळसर कडी आणि तिच्यावर लाल ठिपका, खड्याची अंगठीच. फाल्सिपेरम अंगात काही दिवस मुरला असेल तर चंद्रकोरी दिसतात. इतकं देखणं काहीतरी माणसाला आडवं करतं, याचं त्या वेळी नवल वाटलं होतं.

एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नाही. ताप हटत नसेल तर बारा ते चोवीस तासांनी परत तपासायचं, गरज पडली तर तिसऱ्यांदाही.

तोवर तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांच्या वाटेला जाऊ नका, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. मेडिकलवाल्याकडून "मलेरियाचा कोर्स द्या" म्हणून गोळ्या घेऊ नका. पीव्ही आणि पीएफचं औषध वेगळं असतं, आणि अर्धवट औषधानं काचेवरचे परजीवी लपतात.

थांबू नये अशी लक्षणं: असंबद्ध बडबड, ग्लानी, झटके, सारख्या उलट्या, धाप, कावीळ, लघवी काळसर किंवा अगदी कमी. फाल्सिपेरम मेंदूत गेला की हिशेब तासांचा असतो. १०८ ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल असेल तर ही लक्षणं दिसायची वाटही बघू नका, नुसता ताप पुरे.

पायरी सातवी : गोळ्या शेवटपर्यंत

फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिन गटाची मिश्र औषधं, तीन दिवस, आणि प्रायमाक्वीनचा एक डोस. व्हायवॅक्सला क्लोरोक्वीन तीन दिवस आणि प्रायमाक्वीन चौदा दिवस. मात्रा वजनावर आणि वयावर ठरते, ती डॉक्टरच ठरवतील.

ते चौदा दिवस कशासाठी? व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्वीन रक्तातले मारते, ताप दोन-तीन दिवसांत जातो, माणूस चालता-फिरता होतो. झोपलेले तसेच. काही आठवड्यांनी, महिन्यांनी ते उठतात, आणि डास न चावताच पुन्हा मलेरिया. भामरागडच्या पोराला झालं ते हेच. कोल्हापूरच्या डासाचा त्यात काही दोष नव्हता. खात्यात याला 'समूळ उपचार' म्हणतात, आणि अख्ख्या नोकरीत मी सर्वांत जास्त भांडलो असेन तर या चौदा दिवसांसाठी.

गोळी जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी पोटात कळ येते. जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता काही लोकांत असते, त्यांना प्रायमाक्वीननं रक्तपेशी फुटतात. त्यामुळं डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली तर टाळू नका, आणि गोळ्या चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच दाखवा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्वीन देत नाहीत, बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा.

घरातल्यांनी ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, मलेरिया उष्ट्यानं किंवा शिवल्यानं होत नाही. पण रुग्णाला मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावून डास दुसऱ्याकडं जाऊ नये म्हणून.

गावी जाऊन येताना

लसीचं विचारतात बरेच जण. फाल्सिपेरमवरची आर-२१ ही लस पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. तेव्हा दिवाळीला, मे महिन्यात, लग्नाला मलेरियाच्या भागात जाणार असाल तर बॅगेत मच्छरदाणी टाका, मुक्काम लांबचा असेल किंवा घरात गरोदर बाई असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. परत आल्यावर महिनाभर तापाकडं कानाडोळा करू नका. तिकडं औषध सुरू झालं असेल तर कागद आणि गोळ्यांच्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. इथल्या डॉक्टरला तो रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

माझ्या भाडेकरूनं या वेळी चौदाच्या चौदा गोळ्या खाल्ल्या. रोज रात्री जेवण झालं की जिन्यातून रिकामं पाकीट दाखवायचा, शाळेतल्या पोरानं पाटी दाखवावी तसं. दिवाळीला गावी निघाला तेव्हा बॅगेतून मच्छरदाणीचं टोक बाहेर आलं होतं. खाली येऊन पाया पडला आणि म्हणाला, "काका, टाकीच्या पायपावरचं फडकं फाटलं हाय जी. आल्यावर बदलतो, नाहीतं तुम्हीच बांधून घ्या."